तिच्यासमोर कोण उभं आहे?

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की डोंगरावर एक तीन मजली, अष्टकोनी इमारत दिसते. सगळे तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. एसटीतली माणसं खिडकीतून बोट करून पोरांना तेच सांगतात. पण तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. सलाबतखान म्हणजे चांदबीबीचा भाऊ मूर्तजा निजामशहा याचा वजीर. लोकांनी वजिराला बाजूला सारलं आणि त्याच्या जागी एका बाईला नेऊन बसवलं. एखादी बाई लोकांच्या मनात किती मोठी झाली असेल, तर तिच्यासाठी अख्खा डोंगर दुसऱ्याकडून काढून घेतला.

मित्रहो, मला बोलायचं आहे ते या बसवण्याबद्दल. कॉमिकमधली शूर बाई असो की इतिहासातली, तिला कुणीच एकदा रचून सोडून देत नाही. दर पंचवीस-तीस वर्षांनी कुणीतरी येतो, तिचे कपडे बदलतो, तिच्या हातातली वस्तू बदलतो आणि म्हणतो, ही घ्या खरी. आपण कपड्यांवरून भांडत बसतो. मुद्दा कपड्यांचा नाही. तिच्यासमोर कोण उभं केलं आहे ते बघा. शत्रू बदलला की बाई बदलली. नाव तेच, चेहरा तोच, पण अर्थ दुसराच.

आता चांदबीबीचंच घ्या. ती हुसेन निजामशहाची पोरगी. विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली. १५८० साली नवऱ्याचा खून झाला. गादीवर पोरगं आणि कारभार हिच्या हातात. सरदारांनी तिला एकदा साताऱ्याच्या किल्ल्यात कैदही करून ठेवलं होतं. पुढं ती माहेरी नगरला आली. १५९५च्या डिसेंबरात अकबराचा पोरगा मुराद नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. मोगलांनी सुरुंग लावून तट उडवला. तेव्हा ही बाई तोंडावर बुरखा आणि हातात नागवी तलवार घेऊन त्या खिंडाराशी उभी राहिली, असं फेरिश्ता लिहितो. रात्रीतून तट पुन्हा उभा केला. शेवटी तह झाला. वऱ्हाड गेला, पण नगर राहिलं. तोफगोळे संपले तेव्हा तिनं तांब्याची, चांदीची, सोन्याची नाणी तोफेत भरून डागली, असं लोक सांगतात. ते लोकांचं.

चार वर्षांनी मोगल परत आले, या वेळी दानियाल होता. किल्ला टिकणार नाही हे तिला कळत होतं. बाळराजाला घेऊन जुन्नरकडं निघावं आणि त्याचा जीव वाचवावा, म्हणून ती बोलणी करायला लागली. तेव्हा हमीदखानानं आवई उठवली की बाई फितूर झाली. तिच्याच किल्ल्यातली माणसं तिच्या महालात घुसली आणि तिला मारलं. साल १६००. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

म्हणजे बघा. तटाच्या बाहेरच्या शत्रूनं तिला मारलं नाही, आतल्यांनी मारलं. बाई तलवार घेऊन उभी होती तोवर ती आपली. डोकं चालवायला लागली की फितूर. हे मूळ.

आता तिला पुन्हा रचणारे बघा. तिच्यानंतर शंभरेक वर्षांनी दख्खनच्या चित्रकारांनी तिची चित्रं काढली. त्यांत ती घोड्यावर आहे, हातावर ससाणा, सोबत चाकर, शिकारीला निघालेली. खिंडार नाही, धूर नाही, शत्रूच नाही. दरबाराला देखणी बाई पाहिजे होती. १८७८ साली मेडोज टेलर या साहेबाची तिच्यावरची इंग्रजी कादंबरी छापली गेली, 'अ नोबल क्वीन'. साहेबाला खानदानी राणी पाहिजे होती. १९४२ ते १९४५ नेहरू याच किल्ल्यात कैदेत होते. तिथं त्यांनी भारताचा शोध घेणारं पुस्तक लिहिलं आणि त्यात या बाईची आठवण काढली. तेव्हा देशाला साम्राज्याशी लढणारी पाहिजे होती. मग आलं अमर चित्र कथा. अनंत पै यांनी ते १९६७ साली सुरू केलं. आपल्या पोरांना ग्रीक देव माहीत आहेत पण रामाची आई माहीत नाही, याचं त्यांना वाईट वाटलं म्हणे. त्या मालिकेत झाशीची राणी आली, राणी दुर्गावती आली आणि चांदबीबीही आली. अशी आपली नगरची बाई कॉमिकमधली वीरांगना झाली. बाबासाहेबांवरचा अंक यायला १९७९ साल उजाडलं, हेही लक्षात ठेवा.

मी मराठीतले ते जुने अंक रद्दीवाल्याकडून घेऊन वाचले. त्या मालिकेत देव गोरे आणि राक्षस काळे. हे मी एकटा म्हणत नाही, भल्याभल्यांनी हे लिहून ठेवलं आहे. राण्या त्यात एका रांगेत बसल्या. एका रांगेत बसल्या की त्या सारख्या दिसायला लागतात. घोडा, तलवार, परका शत्रू. हमीदखान आठवणारी किती पोरं असतील? खिंडार सगळ्यांना आठवतं.

आणि अजून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. रात्रीतून तट उभा राहिला, तो कुणाच्या हातांनी? दगड कुणी वाहिले, माती कुणी कालवली? एकाही चित्रात ते हात नाहीत. हा प्रश्न इथं ठेवतो. पुढं त्याचं उत्तर एका पोरीकडून घ्यायचं आहे.

आता जिल्ह्याचं नाव बघा. २०२४ साली ते अहिल्यानगर झालं. अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातल्या चोंडीच्या, जन्म ३१ मे १७२५, धनगराची लेक. धनगराच्या लेकीचं नाव जिल्ह्याला लागलं याचा कुणा शहाण्याला राग यायचं कारण नाही. मी बोलतो ते चित्राबद्दल. चौकाचौकात जे चित्र लागतं त्यात बाईच्या हातात महादेवाची पिंड आहे, पांढरं लुगडं आहे, डोळे शांत आहेत. समोर कोणी नाही.

खरं काय झालं? १७६७ साली तिचा एकुलता पोरगा मालेराव गेला. नवरा आणि सासरा आधीच गेलेले. तेव्हा होळकरांची दौलत गिळायला कोण निघालं होतं? मोगल नव्हे. पुण्याचा राघोबादादा पेशवा, फौज घेऊन. आणि आतून त्याला बोलावणारा तिचाच दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड. बाईनं फौज उभी केली, निरोप धाडला आणि राघोबाला परत फिरावं लागलं. त्यानंतर तिनं १७९५ पर्यंत राज्य केलं. देवळं बांधली, घाट बांधले, खरं आहे. पण डोंगरातल्या भिल्लांशी कर-जकातीचा व्यवहार ठरवला, रयतेचे दावे स्वतः बसून ऐकले, हेही खरं. पिंड ठेवली आणि राघोबा पुसला. धनगराच्या लेकीसमोर उभा असलेला पेशवा चित्रातून गेला की मग ती कुणालाही चालते. राघोबाच्या वारसांनाही चालते.

हे आपल्याकडंच होतं असं समजू नका. अमेरिकेत कॉमिकचा कारखानाच आहे, तिथं हे उघड दिसतं. वंडर वुमन ही तिथली सगळ्यात मोठी बाई. मी तिच्याबद्दल इंग्रजीतून वाचलं, रात्रपाळीत, डिक्शनरी मांडीवर घेऊन. मार्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं ती १९४१ साली काढली. बायकांच्या बेटावरून आलेली, हातात खरं बोलायला लावणारा दोर. समोर शत्रू दोन, हिटलरचे नाझी आणि युद्धाचा देव मार्स. दुसऱ्याच वर्षी तिला सुपरहिरोंच्या मंडळात घेतलं. कशासाठी? सेक्रेटरी म्हणून. पुरुष लढाईला जाणार आणि ही बैठकीचं इतिवृत्त लिहिणार. हसू नका. आपल्या बैठकांत सतरंज्या कोण घालतं आणि चहा कोण करतं ते आठवा.

१९४७ साली मार्स्टन वारला. मग दुसऱ्यांच्या हातात ती लग्न करू की नको या विचारात अडकली. १९६८ साली तर तिची ताकदच काढून घेतली, पोशाख काढला आणि कपड्यांचं दुकान चालवायला बसवली. १९७२ साली तिथल्या बायकांच्या चळवळीनं 'मिझ' नावाचं मासिक काढलं आणि त्याच्या मुखपृष्ठावर हीच बाई जुन्या पोशाखात उभी केली. पुढच्या वर्षी कंपनीला तिची ताकद परत द्यावी लागली. १९७२ म्हणजे मुंबईत दलित पँथर निघाली ते साल. माणसं उठली की कॉमिकवाल्याची पेन्सिलही हलते, एवढं ध्यानात घ्या.

पण खरी गोष्ट पुढं आहे. १९७३ साली त्याच कॉमिकमध्ये एक काळी बाई आली, नूबिया. गोष्ट अशी की बेटाच्या राणीनं दोन मुली मातीच्या घडवल्या, एक गोऱ्या मातीची आणि एक काळ्या मातीची. काळीला मार्सनं पळवलं आणि बेटापासून लांब वाढवलं. म्हणजे बहीण खरी, ताकद तेवढीच, पण वेशीबाहेर. आणि तिचा शत्रू कोण? तिची गोरी बहीण. दोघींना एकमेकींच्या अंगावर घालून मार्स बाजूला उभा. मोजक्या अंकांत ती दिसली आणि मग कितीतरी वर्षं तिला विसरून गेले. २०२१ साली तीच नूबिया त्या बेटाची राणी झाली. तेव्हा तिला लिहिणाऱ्या आणि काढणाऱ्या हातांत काळ्या बायकांचे हात होते. हात बदलले तेव्हा कुठं काळ्या बहिणीसमोरची गोरी बहीण हटली.

मलिक अंबराच्या निजामशाहीतल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. हबशी मुलखातून गुलाम म्हणून विकलेला तो पोरगा. चांदबीबीनंतर पंचवीस-सव्वीस वर्षं त्यानं मोगलांना पाणी पाजलं.

आता आपल्या घरात येतो.

३ जानेवारीसाठी आमच्या वस्तीत समाजमंदिराच्या भिंतीवर सावित्रीबाईंचं चित्र काढायचं ठरलं. वर्गणी झाली, रंग आला. पेंटर आमच्यातलाच. एका पोरानं मोबाईलवर चित्र दाखवलं. सावित्रीबाई, पाठीवर झूल, मुठी आवळलेल्या, सुपरहिरो. दुसऱ्यानं त्याच्यावर कडी केली. आठ हात, एका हातात पुस्तक, एकात पेन, एकात त्रिशूळ. पोरं खूष. म्हणाली, दोन हात जोडून बसलेली सावित्री किती दिवस बघायची? पोरांचं खोटं नव्हतं. सरकारी पोस्टरवरची सावित्री कायम हसतमुख, शेजारी पाटी आणि समोर गोंडस पोरी. शेण कुणी मारलं त्याला नाव नाही. फार तर 'समाजातील काही लोक'. त्या काही लोकांना घर नाही, जात नाही, शेंडी नाही. शत्रू पुसला की शिकवणं हे नुसतं गोड काम उरतं.

पण त्रिशुळाचं काय? मी पोरांना म्हणलं, त्रिशूळ दिला की समोर राक्षस काढावा लागतो. राक्षस कोण? जोतीरावांनी १८७३ साली गुलामगिरीत लिहून ठेवलंय की ज्यांना हे राक्षस म्हणतात ते आपलं रक्षण करणारे. बळीराजा आपला, खंडोबा आपला, म्हसोबा आपला. मग आपल्याच भिंतीवर आपल्या आईच्या हातानं आपल्याच माणसाच्या छातीत त्रिशूळ घालणार का? देवी करणं ही सगळ्यात सोपी पळवाट आहे. देवीला शेण लागत नाही. सावित्रीला लागलं होतं.

असाच एक नवा प्रयोग २०१४ साली झाला, 'प्रियाज शक्ती'. बलात्कार झालेली पोरगी पार्वतीच्या बळावर उठते आणि वाघावर बसून फिरते. हेतू चांगला होता, दिल्लीच्या २०१२च्या प्रकरणानंतर निघालेलं कॉमिक ते. पण आपल्या जिल्ह्यातल्या ज्या आया-बहिणी अत्याचाराच्या केसमध्ये उभ्या राहतात, त्या वाघावर बसून जात नाहीत. एसटीत बसून तारखेला जातात. रोजगार बुडवून. गावातला साक्षीदार फुटलेला असतो आणि येताना त्याच एसटीत समोरच्या बाकावर आरोपीचा चुलता बसलेला असतो. तिच्यासमोर कोण उभं आहे हे तिला कुणी सांगावं लागत नाही. पार्वती मध्ये घातली की तो चुलता चित्राबाहेर जातो.

भिंतीवरचा वाद चालू असताना पायरीवर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आरं, तिला काय लढाईला जायाचं व्हतं का? शाळंत जायाचं व्हतं. तिच्या हातात ती पिशवी दे की. लुगड्याची."

म्हातारीला लिहिता येत नाही. पण तिनं जे सांगितलं ते कुठल्या कॉमिकवाल्याला सुचलं नसतं. सावित्रीबाई शाळेत जाताना एक जादा लुगडं सोबत नेत, हे चरित्रांत येतं. वाटेत शेणामातीनं भरलेलं लुगडं शाळेत जाऊन बदलायचं आणि शिकवायला उभं राहायचं. दुनियेतले सगळे सुपरहिरो कपडे बदलतात ते उडायला. ही बाई कपडे बदलते ती अ-आ-इ-ई शिकवायला. आणि तिचं उडणं म्हणाल तर १८९७ सालची प्लेगची साथ. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोरगं तिनं पाठीवर घेऊन यशवंताच्या दवाखान्यात आणलं. त्याच प्लेगनं १० मार्चला ती गेली. पाठीवर झूल नव्हती तिच्या, आपलं पोरगं होतं.

मग भिंतीवर काय आलं ते सांगतो. मधोमध सावित्रीबाई, काखेत लुगड्याची पिशवी. एका बाजूला शाळेचं दार. आणि दुसऱ्या बाजूला शेणाचे हात. नुसते हात नाहीत, माणसं, पगड्या, जानवी, शेंड्या सगळ्यांसकट. दोन-तीन जाणत्यांनी हरकत घेतली, म्हणाले, उगं गावात वाद कशाला. वाद चित्रानं निर्माण केलेला नाही. १८४८ साली भिडेवाड्यात शाळा निघाली तेव्हाच तो निर्माण झाला. २०११ साली 'नवयान'नं गुलामगिरीवर इंग्रजीत चित्रांचं पुस्तक काढलं, काळ्या-पांढऱ्या रेघांत. त्यातही भटशाही पानावर समोर उभी केली आहे. म्हणजे हे करता येतं. करणारे करतात.

आता एक कडू बोलतो. परक्यांनी आपल्या बायका बदलल्या हे ओरडून सांगताना आपण रमाईचं काय केलं? प्रत्येक जयंतीच्या गाण्यात आणि बॅनरवर गोवऱ्या थापणारी, उपाशी राहणारी, न बोलणारी रमाई. हाल खरे आहेत, कुणी नाकारत नाही. पण हाल कुणी केले तो चित्रात नाही. आणि चित्र असं की घरातल्या बाईला दाखवायला बरं: बघ, रमाई बोलली का कधी? म्हणजे आपणही शत्रू पुसला आणि त्याच्या जागी आपल्याच बाईचं तोंड ठेवलं, बंद करायला. २० जुलै १९४२ ला नागपूरला दलित महिलांची परिषद भरली, हजारो बायका आल्या, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. त्यांचं चित्र तुमच्या किती ऑफिसांत आहे? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं. त्यात आपल्या चळवळीतल्या बायका नावानिशी आहेत. कॉमिक काढायचं तर तिथून काढा. अमर चित्र कथेची वाट बघू नका.

आणि आता तो तट. मी विचारलं होतं, त्या भिंतीत हात कुणाचे?

'ज्ञानोदय' हे मिशनऱ्यांचं पत्र १८४२ साली याच अहमदनगरात निघालं, पुढं ते मुंबईला गेलं. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं शिक्षण नगरच्या मिस फरारबाईंकडं घेतलं असं चरित्रकार लिहितात. त्या सावित्री-जोतीबांच्या शाळेतली मातंगाची एक पोरगी, मुक्ता साळवे, वय चौदा. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'त छापून आला. त्यात ती सांगते की इमारतींच्या पायात आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत. चौदा वर्षांच्या पोरीनं हे लिहिलं. आणि वेद ब्राह्मणांचे असतील तर आमचं धर्मपुस्तक कुठलं, असा सवालही टाकला. चांदबीबीला तटावर उभी बघून टाळ्या वाजवणारे सगळे वरच बघत राहिले. मुक्तानं पायात काय आहे ते सांगितलं. तिच्यासमोर कोण उभं आहे हे तिनं नाव घेऊन सांगितलं, कुणाला ते पुसायला जागाच ठेवली नाही.

तिचा फोटो आपल्यापाशी नाही. चेहरा माहीत नाही. बरंच आहे, देव्हाऱ्यात बसवायला कुणाला सोपं जाणार नाही. ज्यांचा हात चालतो त्यांना माझं सांगणं आहे, तिला काढा. आपल्या या सायक्लोस्टाईलच्या स्टेन्सिलवर रंग उमटत नाही, नुसती रेघ उमटते. रेघ पुरे आहे. पण काढाल तेव्हा ज्यांना तिनं सवाल केला ते पानावर पाहिजेत आणि पायातली माणसंही पाहिजेत. ती दोन्ही नसतील तर नुसती पाटीवाली एक गोड पोरगी होईल, आणि तसली चित्रं सरकारकडं भरपूर आहेत.

जयभीम.